तीन मणांचा माणूस

“हिलो नक्को, पल्लेराव! गाडीवाल्याला वाटंल, आपण दाबून राह्यलो.”

इब्राहीमभाई खालून ओरडला तसा मी श्वास धरला. काट्याच्या एका पारड्यात तीर्थपुरीच्या गंगाराममामाचा कापूस होता, अन् दुसऱ्या पारड्यात मी होतो. मांडीवर मंतिकचं पुस्तक. मंतिक म्हणजे लॉजिक. निजामाच्या राज्यात कॉलेजचं शिक्षण उर्दूतून चालायचं, तवा लॉजिकसुद्धा आम्ही उर्दूतूनच घोकायचो. दांडी हळूहळू सरळ झाली. इब्राहीमभाईनं “बराबर!” म्हणून हाळी दिली, हमालांनी कापूस ओढून नेला, अन् दुसरा बाचका समोर पडला. मी जागच्या जागी. पान उलटायची सुद्धा सोय न्हाई, कारण पान उलटलं की दांडी हलायची.

आता कॉलेजात शिकणारा माणूस पारड्यात कशाला जाऊन बसला, ते सांगतो.

जालन्यात त्या काळी जिनांचा जोर होता. जिन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. आबाशेठच्या जिनात मी काट्यावरचा कारकून होतो. काटा म्हणजे दुकानदाराच्या तागडीसारखा न्हाई बरं का. तुळईला टांगलेली पुरुषभर लांब लोखंडी दांडी, तिच्या दोन्ही टोकांना साखळ्या, अन् साखळ्यांना फळ्यांची पारडी. एका पारड्यात मापं ठेवायची, दुसऱ्यात माल. तीन मण कापूस झाला की त्याला एक पल्ला म्हणायचं. सगळा व्यवहार पल्ल्यावर. दांडी बघून “बराबर” म्हणायचं काम तोलाराचं, म्हणजे इब्राहीमभाईचं. ते मांडून ठेवायचं काम माझं.

अन् माझं स्वतःचं वजन तीन मण.

हे कळलं दसऱ्याला. सीझन सुरू व्हायच्या आधी काट्याची पूजा करायची पद्धत होती. नारळ फुटला, खोबरं वाटून झालं, अन् हमालांना काय चेव आला कुणास ठाऊक, चौघांनी मला उचललं अन् पारड्यात नेऊन बसवलं. समोर तीन मणांची लोखंडी मापं. दांडी अशी सरळ थांबली की इब्राहीमभाईनं टोपी काढून डोकं खाजवलं. “या अल्ला, हा तर पक्का पल्ला!” त्या दिवसापासून माझं पाळण्यातलं नाव बुडालं. गाड्यांच्या सगळ्या अड्ड्यात मी पल्लेराव झालो.

एवढं वजन कुठून आलं, तर कामातूनच आलं. आमच्याकडं एक चाल होती. गाडीवाल्यानं तोल सुरू व्हायच्या आधी आपली शिदोरी सोडायची अन् काट्यावरच्या कारकुनाला त्यातला घास द्यायचा. कारकुनानं तो खायचा. खाल्लं म्हणजे त्याचं मीठ खाल्लं, मंग हा मापात पाप करणार न्हाई, असा हिशोब. न्हाई खाल्लं तर गाडीवाला बैल परत जुंपायचा. “ह्याच्या पोटात पाप हाय म्हणून घास जाईना,” असं तोंडावर म्हणायचा. अन् एका रोजात गाड्या किती यायच्या! मंठ्याची भाकरी अन् ठेचा, अंबडकडचं पिठलं, कुणाचा लोण्याचा गोळा, कुणाचा धपाटा, कुणाचा गूळ-शेंगदाणा. इमानदारीनं वागून वागून मी असा सुटलो.

दिवाळी झाली अन् मापं तपासणारे साहेब आले. आबाशेठची मापं त्यांनी उलटी करून बुडाशी पाहिली, भुवया वर केल्या, अन् सगळी मापं नवीन छाप मारायला कचेरीत घेऊन गेले. “चार रोजात येतील,” म्हणाले. सरकारी चार रोज ते. अंगणात गाड्यांची रांग, बैल दावी तोडताहेत, अन् काटा रिकामा. शेजारच्या जिनवाल्याकडं आबाशेठनं मापं उसनी मागितली तर तो म्हणाला, “ऐन सीझनात? बायको माग, ती एक वेळ देईन.”

आबाशेठ ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. त्यांची नजर माझ्यावर पडली अन् तिथंच थांबली.

“पल्लेराव, बसा पारड्यात.”

“शेठ, मी कारकून हाय.”

“आजपासून तू माप हायेस. चल, जल्दी.”

मला वाटलं, गाडीवाले दंगा करतील. झालं उलटंच. ते खूश! लोखंडाचा भरवसा त्यांना कधीच नव्हता. लोखंड खालून पोखरता येतं, त्यात शिसं ओतता येतं. हा तर जिवंत माणूस, डोळ्यासमोर आपली भाकरी खाल्लेला. गंगाराममामा म्हणाला, “हे माप बेस हाय. ह्याला इचारता तरी येतं.” हा मामा तीर्थपुरीचा मोठा कास्तकार, पांढऱ्या मिशांचा, अन् अड्ड्यात त्याचा शब्द चालायचा. तो हो म्हणाला की चार गावं हो म्हणायची.

मंग माझा रोजचा धंदा असा सुरू झाला. पहाटेची पॅसेंजर धरून औरंगाबाद. तिथं शेरवानी-पायजमा घालून इंटरचे तास. दुपारच्या गाडीनं परत जालना. जिनात शेरवानी खुंटीला टांगायची, धोतर नेसायचं, अन् पारड्यात जाऊन बसायचं ते दिवे लागेपर्यंत. गाडी लेट झाली की सगळा अड्डा स्टेशनकडं डोळे लावून बसायचा. “माप आलं का?” “न्हाई आलं, बदनापूरला अडकलंय.” असलं ऐकत मी रेल्वेतून उतरायचो.

त्यातच रेल्वेत गार्डाच्या जागा निघाल्या. इंटरला बसलेली पोरं पाहिजेत, असं होतं. माझा जीवच अडकला त्यात. जिनाची नोकरी दसऱ्यापासून होळीपर्यंत. नंतर घरी जायचं, बापाच्या मेंढरांमागं फिरायचं, अन् “शिकून काय दिवे लावले?” हे ऐकायचं. गार्डाची नोकरी बारमाही. आमच्या घराण्यात बूट घालून कामाला जाणारा पहिला माणूस मी होणार होतो. मला ती नोकरी पाहिजे म्हणजे पाहिजेच होती.

लेखी झालं. तोंडी झालं. मेडिकलला रेल्वेच्या डॉक्टरनं छातीला टेप लावली, मंग पोटाला लावली. टेप संपली, पोट संपलं न्हाई.

“मियाँ,” डॉक्टर म्हणाला, “ब्रेकव्हॅन को दरवाजा एकही रहता. तुम अंदर गए तो झंडी कौन दिखाएगा?”

नियम असा होता की छाती पोटापेक्षा जास्त भरली पाहिजे. डॉक्टर माणूस भला. त्यानं कागदावर नापास लिहिलं न्हाई. होळीच्या आत कमी करून या, म्हणाला.

झालं. मी कंबर कसली, म्हणजे जेवढी कसता येत होती तेवढी. सल्ले फुकट मिळत होते. तालमीतल्या वस्तादानं बैठका सांगितल्या. त्या मी रेल्वेच्या डब्यात काढायला लागलो तर समोरची बाई लेकरं घेऊन दुसऱ्या डब्यात गेली. हकिमानं सिरका, म्हणजे व्हिनेगर, प्यायला सांगितलं. तो प्यायल्यावर वजन उतरलं न्हाई, फक्त तोंड उतरलं. शेवटी साधं तेच कामाला आलं. औरंगाबादला टांगा बंद, स्टेशन ते कॉलेज पायी. तासाला उशीर झाला तर पळत. परत येताना गाडी सुटायला आली तर आणखी जोरात पळत. सकाळी स्टेशनवरच्या भज्यांकडं पाठ करून उभं राहायचं. वाचायचं ते डब्यात उभ्यानं, कारण बसलो की डुलकी लागायची.

खरी अडचण शिदोरीची होती. प्रत्येक गाडीचा एकच घास म्हटलं तरी संध्याकाळपर्यंत पंगत उठायची. मी गंगाराममामाला म्हणालो, “मामा, घास कशासाठी? मिठासाठीच ना?”

“व्हय.”

“मंग मीठच द्या की.”

मामानं मिशीवरून हात फिरवला, विचार केला, अन् चिमूटभर मीठ माझ्या जिभेवर ठेवलं. म्हणाला, “कायद्यानं बराबर हाय.” बाकीच्यांनी तेच धरलं. दिवसभर मी मीठ चाटायचो अन् रांजणाचं पाणी ढोसायचो. आजकालच्या डॉक्टरनं हे ऐकलं तर मला तिथंच झोपवील, पण तवा आपलं चाललं.

अन् वजन उतरायला लागलं! धोतराचा सोगा लांब होत चालला. शेरवानीत वारा खेळायला लागला. आई म्हणायची, “माझं लेकरू वाळून चाललं,” अन् डोळ्याला पदर लावायची. मी आतून खूश. पोटाकडं बघितलं की पायाची बोटं दिसायला लागली होती, अन् त्यांना बघून मला इतका आनंद व्हायचा की काय सांगू.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आलीच न्हाई. मी सकाळी लॉजिक शिकत होतो, दुपारी माप म्हणून बसत होतो, अन् मधल्या वेळात वजन कमी करत होतो. ह्या तिन्हीची बेरीज मलाच काय, कुणालाच सुचली न्हाई.

कापसाला मात्र ती कळत होती. मी जेवढा हलका, तेवढ्या कमी कापसात दांडी सरळ व्हायची. घरून तीन पल्ले म्हणून भरलेली गाडी आमच्याकडं साडेतीन पल्ले निघायची. गाडीवाल्यांना वाटलं, यंदा कापूसच वजनदार. देवाला नारळ फुटले. बातमी पसरली, अन् मंठा काय, परतूर काय, सगळीकडच्या गाड्या आबाशेठच्या दारात. शेजारच्या जिनात कुत्रं फिरकंना. आबाशेठ ओसरीवर बसून मिशीत हसायचे अन् म्हणायचे, “पल्लेरावाचा पायगुण!”

मंग माघ सरताना त्यांनी रुईच्या गठाणी, म्हणजे दाबून बांधलेल्या गाठी, मोजल्या. जेवढा कापूस घेतला, त्या मानानं गठाणी कमी. आबाशेठचं हसू गेलं. त्यांना चोरीचा वास यायला लागला. हमालांच्या झडत्या झाल्या. इब्राहीमभाईचा पानाचा डबासुद्धा उघडून पाहिला.

“शेठ,” इब्राहीमभाई भडकला, “पान के डब्बे में पल्लाभर कपास जाता क्या?”

नेमकी त्याच आठवड्यात कचेरीतून मापं परत आली. नवा कोरा छाप मारून, बुडं सारखी करून. आबाशेठना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी तीन मण लोखंड एका पारड्यात ठेवलं अन् मला म्हणाले, “बस रे जरा.”

मी बसलो. माझं पारडं जे वर गेलं ते तुळईला जाऊन टेकायचं बाकी राहिलं.

इब्राहीमभाईनं माझ्या बाजूला छोटी मापं टाकत नेली. अधमण पडली तवा दांडी सरळ झाली. आबाशेठ ओरडले.

“अरे, माझी अधमण कुठं गेली?”

“घाम होऊन गेली, शेठ.”

“घाम तुझा, पण अधमण माझी! प्रत्येक पल्ल्यामागं अधमण! कुणाला इचारून बारीक झालास तू?”

मी मेडिकलचं सांगितलं. ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी तिथल्या तिथं मला पारड्यातून उठवलं अन् सरकारी मापं लावायला सांगितली. पण गाडीवाले हटून बसले. गंगाराममामानं जुवावर हात ठेवला. “लोखंडानं आमचं मीठ खाल्लंय का? पल्लेराव बसंल तर तोल, न्हाईतर चाललो.” मामाच्या मागं पंधरा गाड्या हलल्या. आबाशेठनी हात जोडून सगळ्यांना थांबवलं अन् मला परत बसवलं. खरं सांगायचं तर गाडीवाल्यांना मिठाचं प्रेम होतंच, पण घरच्या तीन पल्ल्यांचे साडेतीन होत होते, त्याचंही थोडं असावं.

आबाशेठनी मंग दुसरा मार्ग काढला. मला खाऊ घालायचं.

“आजपासून तुझं जेवण आमच्या घरी. जोवर पल्ला भरत न्हाई, तोवर.”

“शेठ, होळीच्या आत माझं मेडिकल हाय.”

“खा, न्हाईतर घरी जा.”

घरी गेलो तर रेल्वेचं भाडं कुठून आणू अन् कॉलेज कसं करू? “बरं” म्हणालो. शेठच्या घरून मालकीणबाई ताट पाठवायला लागल्या. पुरणपोळी, वर तुपाची धार, वांग्याचं भरीत, सायीचं दही. हे सगळं मी काट्याच्या मागच्या खोलीत घेऊन जायचो. तिथं इब्राहीमभाई हात धुऊन तयार असायचा. “तेरे नौकरी के वास्ते खाऱ्हूँ,” असं म्हणून तो बोटं चाटायचा. पंधरवड्यात इब्राहीमभाईच्या सदऱ्याची गुंडी तुटली अन् माझी दांडी होती तिथंच राहिली.

आबाशेठ बघून थकले. मेडिकलच्या आदल्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं. हातात तरटाचा शिवलेला जाड पट्टा होता. त्याला जागोजागी खिसे, अन् खिशांत गठाणीला आवळतात त्या लोखंडी पट्ट्यांचे तुकडे भरलेले.

“हा पोटाला बांध, वरून सदरा घाल. तुझी अधमण भरून निघंल अन् गाडीवाल्यांना पोटसुद्धा दिसंल. कुणाचं नुकसान न्हाई. मी स्वतः तोलून भरलंय. बिलकुल अधमण.”

मला त्यात गैर दिसंना. माझं पोट मी गमावलं, ते शेठनी लोखंडाचं करून दिलं. बांधलं. चालताना नऊ महिने भरल्यासारखा दिसत होतो.

अंगणात गंगाराममामाचीच गाडी पहिली होती. त्यानं मीठ दिलं, मी चाटलं, अन् पारड्यात पाय टाकला. आता पट्टा बांधला होता कंबरेला, पण त्याला अडवायला पोट कुठं होतं? एक पाय वर, एक खाली, अशा अवस्थेत पट्टा सुटला. एकटा सुटला असता तर ठीक. तो धोतर घेऊन गेला. खण्णदिशी आवाज झाला, लोखंडाचे तुकडे अंगणभर उडाले, अन् मी सगळ्या मराठवाड्यासमोर नुसत्या सदऱ्यात उभा. हसणाऱ्यांत पहिला इब्राहीमभाई.

गंगाराममामा मात्र हसला न्हाई. त्यानं एक तुकडा उचलला.

“हे काय रं, पल्लेराव? मीठ खाऊन?”

धोतर सावरायचं सोडून मी सगळं ओरडून सांगितलं. मी बारीक झालोय, अधमण कमी भरतो, ही त्याचीच भरपाई, शेठनी तोलून दिलेली. मामा म्हणाला, “मंग तोलूनच बघू.” तुकडे गोळा झाले, पट्ट्यात भरले, पट्टा माझ्या मांडीवर ठेवला, अन् समोर सरकारी छापाचे तीन मण.

माझं पारडं खाली टेकलं. इब्राहीमभाईनं समोर मापं चढवली. पाच शेर चढल्यावर दांडी सरळ झाली. म्हणजे अधमणीच्या नावानं पाच शेर जास्त.

मी रागानं आबाशेठकडं पाहिलं.

आबाशेठ बोलायला कधी कमी पडले न्हाईत. “हा परत जाड झाला! माझ्या घरचं पंधरा रोज खाल्लंय ह्यानं!”

“जाड?” मामानं माझ्याकडं बोट दाखवलं. “त्याच्या कंबरंला धोतर टिकंना, शेठ. सगळ्या अड्ड्यानं बघितलं. जाड कुठून झाला?”

“अन् इतके रोज तुम्ही माझा कापूस बुडवला, तवा कुणी बोललं न्हाई!”

“तवा आमाला वाटलं, देवानं दिलं.”

“अन् आता?”

“आता दिसलं की कोण घेऊन राह्यला ते.”

दोन्हीकडचं बुडालं होतं, दोन्हीकडं खाल्लं गेलं होतं, त्यामुळं कुणालाच फार ओरडायला तोंड नव्हतं. शेवटी ठरलं की आजपासून सरकारी लोखंड लावायचं. मामानं प्रत्येक माप उलटं करून बुड बघितलं, नखानं खरवडलं, मंगच पारड्यात ठेवू दिलं. मी धोतर नेसलो, शेरवानी खुंटीवरून काढली.

“उद्यापासून येऊ नको,” आबाशेठ म्हणाले.

“उद्या तसंही जमत न्हाई, शेठ. उद्या मेडिकल हाय.”

रात्रभर झोप लागली न्हाई. नोकरी गेली होती, अन् दुसरी मिळाली न्हाई तर मेंढरं वाट बघतच होती. सकाळी डॉक्टरसमोर उभा राहिलो. त्यानं छातीला टेप लावली, आकडा लिहिला. पोटाला लावली. मी पोट आत ओढून धरलं होतं. तो म्हणाला, “साँस छोडो, मियाँ, मैं भी डॉक्टर हूँ.” सोडला. त्यानं टेप पुन्हा लावली, पुन्हा बघितली. छाती दोन बोटं जास्त.

“कमाल है. कैसे किया?”

“मालिक का नुकसान करके, साहब.”

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. हसत हसत त्यानं कागदावर पास लिहिलं. इंटरलाही मी पास झालो, मंतिकमध्ये काठावर. पुढं रिटायर होईपर्यंत गार्ड होतो, अन् ब्रेकव्हॅनच्या दरवाजात कधी अडकलो न्हाई.

नातेवाइकांची पोरं आता विचारतात, आजोबा, कॉलेज अन् नोकरी सांभाळून वजन कसं कमी करायचं? मी सांगतो, पायी चाला, कमी खा, त्यात काही अवघड न्हाई. फक्त सुरू करायच्या आधी एवढं बघून घ्या की तुमच्या जाडपणावर कुणाचा धंदा चाललाय का. चालला असला तर तो पहिलं ताट पाठवील, अन् ते तुम्ही खाल्लं न्हाई तर लोखंड बांधील.